दोन खिडक्यांचा प्रश्न आणि माझे अर्धे घर

मी, खाली सही करणारी, धंद्याने दोर वळणारी, चार वेळा निवडून आलेली आमदार, जिला सभागृहात तोंडावर ‘सन्माननीय सदस्या’ आणि पाठीमागे ‘पीळबाई’ म्हणतात, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मागच्या अधिवेशनातली माझी भाषणे वाचावीत. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणून बघायला दोन सरकारे आणि एक सासर झटले, तिघांनीही शेवटी हात टेकले. हृदय तेवढे थकले आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अधिवेशनाला जा, पण भांडू नका.” मग जायचे कशाला, असे मी त्यांना विचारले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी एखादे काढून दाखवलेच, तर त्यावरची सही बघावी. मी सही फार उशिरा शिकले आणि माझ्याइतकी वेडीवाकडी सही दुसऱ्या कोणाला जमायची नाही.

१. बँकेतली शिल्लक, दोन्ही कपाटे, पुस्तके आणि शिवणयंत्र माझ्या लेकीला द्यावे. ती गुरांची डॉक्टर आहे. तिने राजकारणात यावे असे पक्षातल्या काही जणांना वाटते. ती म्हणते, “आई, गुरं परवडली. लाथ मारायच्या आधी निदान कान तरी पाडतात.” तिला कोणी गळ घालू नये.

२. घराच्या मागे दोर वळायची लांब पडवी आहे. ज्यांनी दोर वळताना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते: एका टोकाला फिरकी फिरवणारी बसते आणि दुसरी हातात वाखाचे, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचे, पेड धरून मागे मागे सरकत जाते. जेवढी पडवी तेवढा दोर. माझे धाकटे दीर, ज्यांना मी जन्मभर भाऊजी म्हणत आले आणि जे सत्ताधारी पक्षाचे प्रतोद आहेत, म्हणजे मतदानाच्या वेळी कोणी कधी हात वर करायचा हे ठरवतात, त्यांनी आमच्या घराच्या मधोमध भिंत घातली. ती पडवीतूनही गेली. तेव्हापासून आमच्याकडे शेळी बांधण्यापुरते दोर होतात, विहिरीला पुरेल असा एकही होत नाही. पडवीचा माझ्याकडचा भाग, फिरक्या आणि लाकडी चाकासह, दोर वळणाऱ्या बायकांच्या संस्थेला द्यावा. पलीकडच्या भागाचे काय करायचे ते भाऊजींनी ठरवावे.

३. निवृत्तिवेतन खात्याच्या मंत्रिमहोदयांना माझ्याकडून चांगल्या वाखाची एक जुडी द्यावी. फुकट घेणे त्यांना अवघड वाटणार नाही. त्यांनी ती महिनाभर रोज वळावी आणि मग आपल्याच खात्याच्या यंत्रावर अंगठा ठेवून बघावा.

४. आता घर. इथे लेक रुसणार आहे, तिने आधी शेवटपर्यंत वाचावे.

आमच्या तालुक्याच्या कचेरीत दोन खिडक्या आहेत. म्हाताऱ्या कष्टकऱ्यांना निवृत्तिवेतन द्यायचे, पण एकही पैसा चुकीच्या हातात पडू द्यायचा नाही, म्हणून सरकारने कायदा करून त्या उघडल्या. पहिल्या खिडकीवर तुम्ही कष्टकरी असल्याचा पुरावा द्यायचा. तळहात पुढे करायचा, कारकून घट्टे चाचपून बघतो. दुसऱ्या खिडकीवर तुम्ही म्हणजे तुम्हीच असल्याचा पुरावा द्यायचा, यंत्रावर अंगठा ठेवून. वाख वळून वळून आमच्या बायकांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या आहेत. यंत्र लाल होते. बायकांनी त्यावर तोड काढली: महिनाभर फिरकीला हात लावायचा नाही, उपाशी राहावे लागले तरी चालेल, रोज अंगठ्याला तेल चोळायचे. रेषा उगवल्या. नटून थटून सगळ्या कचेरीत गेल्या, तर पहिल्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, “आजी, हात तर चांगले मऊ आहेत. काम कुठं करता तुम्ही?”

हे मी एका भाषणात सांगितले तेव्हा सभागृह हसले होते. मीही हसले असते, पण त्या रांगेत माझ्या सासूबाईही होत्या, आणि त्यांनी फिरकी एक दिवसही सोडली नव्हती.

त्यांना कचेरीत मी आणि भाऊजी दोघे घेऊन गेलो होतो. एक हात मी धरला होता, एक त्यांनी. हा कायदा मंजूर व्हावा म्हणून एकेका सदस्याला दारातून ओढून आणून हात वर करायला लावणारे भाऊजीच होते, आणि आपल्या आईचे काम आपल्या एका शब्दावर होईल असे त्यांना खरोखर वाटत होते. कारकून उभा राहिला, त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, “साहेब, यंत्र माणूस बघत नाही. कायदा तुमचाच आहे.” सासूबाईंनी तीनदा अंगठा ठेवला. मग त्या भाऊजींकडे वळून म्हणाल्या, “अरे, मी आहे ना इथं? सांग की त्याला.”

भाऊजींनी त्यांना हाताला धरून बाहेर आणले. त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या, सरकारच्या लेखी त्या आधीच नव्हत्या. त्यांना पोहोचवून आल्यावर, माणसे अंगणात बसलेली असतानाच, मी म्हणाले, “भाऊजी, आता तरी सांगा त्या कारकुनाला, की आई होती म्हणून.” ते तडक आत गेले. पुढच्या आठवड्यात गवंडी आले आणि भिंत उभी राहिली. चूल माझ्याकडे राहिली, बैठक त्यांच्याकडे गेली. मी जे बोलले ते खरे होते, म्हणून ते मी आजही मागे घेत नाही. पण बोलून झाल्यावर मलाच रात्रभर रडू येत होते, हेही खरे आहे.

त्यानंतर मी सभागृहात प्रश्न टाकला. तो असा: ‘ज्या हाताला घट्टे आहेत त्याला रेषा नाहीत आणि ज्या हाताला रेषा आहेत त्याला घट्टे नाहीत, हे खरे आहे काय, असल्यास, दोर वळणाऱ्या बाईने कोणत्या हाताने निवृत्तिवेतन घ्यावे असे शासनाचे म्हणणे आहे?’ एकदा मंत्री गैरहजर होते. एकदा माहिती गोळा करण्याचे काम चालू होते. एकदा माझ्या आधीच्या प्रश्नावर इतका गोंधळ झाला, की वेळ संपली, आणि तो गोंधळ कोणी घडवून आणला हे प्रतोदांना विचारावे. येत्या अधिवेशनात पहिल्याच दिवशी माझा प्रश्न पहिला आहे. आता टोलवायला जागा उरलेली नाही.

फक्त एक फट आहे. सदस्य मेला की त्याचा प्रश्नही व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो, असा आमच्या सभागृहाचा नियम आहे. शिवाय रिवाज असा, की मेलेल्या सदस्याच्या मानासाठी पहिल्या दिवसाचे कामकाज तहकूब करायचे. म्हणजे मी दोन दिवस आधी मेले, तर माझा प्रश्न माझ्याच सन्मानार्थ मारला जाणार. मंत्रिमहोदय माझ्याबद्दल फार सुंदर बोलतील, याची मला खात्री आहे.

म्हणून मी वकीलबाईंना सांगितले, “लिहा: माझे अर्धे घर भाऊजींना, पण त्यांनी हा प्रश्न स्वतःच्या नावाने सभागृहात विचारला तरच.” वकीलबाईंनी अर्धी ओळ लिहून पेन खाली ठेवले.

“बाई, हे मी लिहिणार नाही.”

“का?”

“प्रश्न विचारायला घर द्यायचं म्हणजे लाच. त्यांची आमदारकी जाईल, घर कोर्टात जाईल, आणि प्रश्न तर जाईलच जाईल.”

चार निवडणुकांत मी मतासाठी कोणाला चहा पाजला नाही, आणि जाता जाता लाच दिली असती! अट मी खोडली. लेक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मग त्यांना द्यायचंच कशाला? भिंत घातली ना त्यांनी?” अगं, म्हणूनच. अर्धे घर कोणाच्याच कामाचे नाही. आणि सगळे घर त्यांचे झाले, की ती भिंत त्यांच्याच घराच्या मधे येईल. रोज चुलीपर्यंत वळसा घालून जाताना काय ते कळेल.

तर, माझ्या राहत्या घराचा माझा अर्धा भाग, पडवीचा वर सांगितलेला हिस्सा सोडून, मी माझ्या धाकट्या दिरांना कोणतीही अट न घालता देत आहे. त्यांनी प्रश्न विचारला नाही तरी घर त्यांचेच. लेकीने शेवटी “बरं” म्हटले आहे, तिला तो शब्द मागे घेता येणार नाही.

भाऊजी, एवढे तुमच्यासाठी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे तुम्ही मला भर सभागृहात ऐकवले होते. बरोबर होते. पण तो पीळ मला घातला कोणी? तुमच्या आईने. त्याच पडवीत, तुम्हाला फिरकीवर बसवून. शाळेतून आलात की तुम्ही पेड धरायचात आणि मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचा अंगठा माझ्यापेक्षा गुळगुळीत होता. सभागृहाच्या दारात हजेरीचे यंत्र बसवले, त्या दिवशी मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही अंगठा ठेवलात, यंत्र लाल झाले. पुन्हा ठेवलात, पुन्हा लाल. शिपायाने मुकाट्याने वही पुढे केली आणि तुम्ही सही केलीत. तेव्हापासून तुम्ही सहीच करता. मी कोणाला बोलले नाही. भांडणात ते वापरावे असे मला कधी वाटले नाही, आणि आताही भांडण म्हणून सांगत नाही.

तुम्हाला वही मिळाली भाऊजी. आईला मिळाली नाही. तुम्ही प्रश्न विचाराल हे मला माहीत आहे. मी तुम्हाला फार वर्षे ओळखते.

५. माझ्यासाठी सभागृह तहकूब करू नये. अध्यक्षमहोदयांना माझा मान राखायचाच असेल, तर त्यांनी पुरवणी प्रश्नाला परवानगी द्यावी. फोटोला हार नको. माझी खुर्चीवरची उशी मागच्या बाकावरच्या नव्या सदस्येला द्यावी. त्या खुर्च्या टणक आहेत आणि तिला पुष्कळ बसायचे आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, एका ठिकाणी खोडून आणि खोडलेल्या जागी सही करून पुरे केले.

स्थळ: राहते घर, भिंतीच्या अलीकडे.
दिनांक: अधिवेशनाच्या आधीचा मंगळवार, सकाळी.

सही: (वेडीवाकडी, पण माझीच)

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही केली. मृत्युपत्र करणारीचे डोके ठिकाणावर असल्याची आणि ती सकाळपासून दोनदा भांडल्याची खात्री देतात.

साक्षीदार दुसरी: शेजारची दोर वळणारी आक्का. हिचे कोणाशीच पटत नसल्याने ती संस्थेची सभासद नाही आणि या मृत्युपत्रात तिला काही मिळत नाही, म्हणून साक्षीला चालते. सही येत नाही, अंगठा लावला आहे.

वकीलबाईंचा शेरा: साक्षीदार दुसरी हिने माझ्यासमोर तीनदा अंगठा लावला. शाई उमटली, रेषा उमटल्या नाहीत. साक्षीदार माझ्यासमोर बसली आहे. ती आहे.