दहाव्याला पहिलं नाव सुदर्शनचं

मी, भैरवनाथ यमाजी बरकडे, वय ५३, धंदा फ्लेक्स छपाई, नगरसेवक, मूळ गाव आणे, हल्ली राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण बाहेर ओट्यावर बसले आहे. ते माझे थोरले बंधू दादाभाऊ. थोड्या वेळाने मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला नेणार आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. विरोधकांनी तो दोन निवडणुकांपूर्वीच मागितला होता.

१. जुन्नरचे राहते घर, माझ्या स्वतःच्या कमाईचे, सुदर्शन सयाजी औटी यांना. नाते : जोडीदार. फ्लेक्सची अक्षरे जुळवायला ते दुकानात आले आणि अठरा वर्षे राहिले. 'नाते' या शब्दापुढे कोणाला दुसरे काही लिहावेसे वाटल्यास त्याने ते स्वतःच्या मृत्युपत्रात लिहावे.

२. दुकान आणि छपाईचे मशीनही त्यांनाच. या मशीनवर मी तालुक्यातले निम्मे लोक 'भावी' केले, उरलेल्यांना 'भावपूर्ण' वाहिली.

३. मोटारगाडी दादाला. पुतणी श्रेयाच्या लग्नात दादाने व्याह्यांना सुदर्शनची ओळख करून दिली, "हा आमच्या भैरूचा ड्रायव्हर." सुदर्शनला सायकलसुद्धा धड येत नाही. तो ड्रायव्हरांच्या पंगतीत जेवला. म्हणून गाडी दादाला. ड्रायव्हर सोबत मिळणार नाही.

४. माझे विरोधक हौशीराम यांच्यावरचा राग मी त्यांनाच परत करतो. ते नगरसेवक असताना भर सभेत ओरडले होते, "याच्या घरात बाई का न्हाई, इचारा!" मी माईक घेतला. "माझ्या घरात सुदर्शन आहे. तुमच्या प्रभागात नळाला पाणी का नाही, ते विचारा." माझेच कार्यकर्ते मांडवातून पसार झाले. मते मात्र पडली. लोकांना माझ्या अंथरुणापेक्षा नळाची काळजी जास्त होती. पुढे पाणी आणले. ते पिऊनच लोक मला नावे ठेवतात. घसा कोरडा पडत नाही, एवढे समाधान.

५. आण्याच्या पठारावर वडिलांची मेंढरे बसायची त्या जमिनीतला माझा हिस्सा दादाला. अट अशी, की अग्नी सुदर्शन देतील, आणि दहाव्याला घाटावर शोकाकुलांत पहिले नाव त्यांचे घेतले जाईल. तसे न झाल्यास हा हिस्साही सुदर्शनचा. अंत्यविधीची इच्छा कोर्टात टिकत नाही, असे वकील म्हणतात. जमीन टिकते. म्हणून इच्छा जमिनीला बांधली आहे. सुदर्शनने आजवर एवढेच मागितले : "घर नसलं तरी चालंल. घाटावर मला मागं उभं करू नका."

६. साक्षीदारांबद्दल. दोघांच्या सह्यांशिवाय हा कागद रद्दी आहे, हे दादालाही ठाऊक आहे. ठरलेल्या दोघांपैकी गेणभाऊचा गुडघा आज सकाळीच धरला, सोमाजीचा फोन बंद. गुडघा आणि फोन एकदम बिघडले, म्हणजे दादा काल दोघांकडे जाऊन आला. गाडी दारात उभी. शेवटी मी हौशीराम यांना फोन केला. दादाच्या अंगावरूनच ते आत आले.

"लई वर्षं तुला पाडायला बघतोय राव. असा मरून सीट खाली नको करू. सही करतो, पण दहाव्याला मला बोलू द्यायचं."

आपल्याकडे पुढाऱ्याच्या भाषणाशिवाय दहावा उरकत नाही. मी म्हणालो, "बोला. पण सुरुवात 'भैरवनाथचे जोडीदार सुदर्शन यांच्या दुःखात' इथून."

"मित्र म्हणतो की."

"मित्र तर तुम्हीपण म्हणवता. आत्ता म्हणून दाखवा. मोठ्यानं. दार उघडं आहे."

सुदर्शन माझी बॅग भरत होता. त्याचे हात थांबले. हौशीराम यांनी माईकपुढे खाकरावे तसे खाकरून ते वाक्य म्हटले. गल्लीपर्यंत गेले. मग सही केली आणि सवयीप्रमाणे माझा पेन खिशात घालून निघून गेले.

तेवढ्यात ओट्यावरून पुष्पावहिनी आत आल्या. "भाऊजी, मला सही येती. सातवी झालीय माझी."

"पुष्पे, जमीन जाईल!" दादा दारातून ओरडला.

"कशी जाईल? तुमी त्याचं नाव घ्या, म्हंजे झालं."

दादा उंबरा ओलांडून आत आला.

वरील मजकूर मी वाचून, समजून, सही केली आहे; ती माझीच असल्याचे दोन्ही साक्षीदारांना सांगितले आहे.

(सही) भैरवनाथ यमाजी बरकडे

साक्षीदार १ : (सही) हौशीराम, माजी नगरसेवक, कायमचे प्रतिस्पर्धी

साक्षीदार २ : (सही) पुष्पा दादाभाऊ बरकडे, नात्याने वहिनी

ठिकाण : जुन्नर
दिनांक : ११ मार्च २०२६

नोंद : साक्षीदार क्र. २ यांच्या सहीसाठी पेन दादाभाऊ यांनी स्वतःच्या खिशातून काढून दिला. टोपणही त्यांनीच उघडले.