बाभळीचा हातोडा

१ मे १९७८, सोमवार
नलूचं, म्हणजे शोभाच्या धाकट्या बहिणीचं लग्न २१ला, पुलगावात. यांच्याकडे मांडवाची पहिली खुंटी घरचा जावई ठोकतो. जावई मी, तूर्त एकुलता एक. नऊ वर्षांत सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, मला साधा खिळासुद्धा ठोकू दिला नाही. आता दुसरा जावई येणार, तोही इंजिनिअर. म्हणजे हा लास्ट चान्स. निश्चय: खुंटी मीच ठोकणार, तीही स्वतः घडवलेल्या लाकडी हातोड्यानं.

३ मे
बाभळीचा ओंडका आणला, ताजा तोडलेला. चंद्रभान सुतार म्हणाला, ओलं हाये भाऊ, दोन महिने सावलीत वाळू द्या. सल्ला मागितला नव्हता. तसं सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं. पटाशी त्यानं दिली, पण दाराआडून.

५ मे
करवत अडकली. ओंडक्याला लाथ घातली. पाय सुजला. मी स्वभावानं शांत आहे, हे इथं नोंदवून ठेवतो.

७ मे, दुपारी
पटाशी डाव्या अंगठ्यात घुसली. रक्त बरंच. ओंडका भिंतीवर आपटला. पोपडा पडला, भिंतीवरचं घड्याळ पडलं. शोभा म्हणाली, काऊन मारून राह्यले त्याले? त्यानं काय केलं तुमचं? बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

११ मे
दांड्यासाठी भोक पाडलं. थोडं मोठं झालं. स्टूल फोडलं. रागानं नव्हे, पाचरीला लाकूड हवं होतं.

१२ मे
पाचर मारूनही डुगडुगतो. आमचे आबा सैल कुऱ्हाड पाण्यात टाकायचे, लाकूड फुगून घट्ट व्हायची. हातोडा रांजणात टाकला. पिण्याच्या पाण्यावरून शोभा बरंच बोलली.

१५ मे
एकदम फिट! ट्रायल घेतली: बाज, दार, शेजारच्या प्रभाकररावांचं कुंपण. कुंपण पडलं, हातोडा शाबूत. प्रभाकरराव अंगावर धावून आले आणि माझ्या हातात काय आहे ते बघून परत फिरले. चंद्रभानला हे कळायला हवं.

१९ मे, पुलगाव, संध्याकाळी
तीन दिवस हातोडा उन्हात ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा म्हणून. मुहूर्त दुपारी दोनचा. खुंटी धरायला सासरे स्वतः बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, मारा जावईबापू, बिनधास्त मारा. मला भरून आलं. सगळी ताकद लावून उचलला.

दांडा माझ्या हातात राहिला. बाकीचा हातोडा सासऱ्यांच्या तोंडावर गेला. पुढचे दोन दात गेले. ओठाला सात टाके. मेहुण्यानं माझ्या कानाखाली वाजवली. लाकूड वाळून आखडलं, असं मी समजावत होतो, तर दुसरीही वाजवली. नलू रडत होती. परवा बाप कोणत्या तोंडानं मांडवात उभा राहील, म्हणाली.

मुहूर्त टळायला आला. दुसरा जावई नाही. तेव्हा शोभानं पदर खोचला, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, यायच्या नावानं मी ठोकते. चार घाव. खुंटी वीतभर आत.

लोकांनी हलवून पाहिली, हलली नाही. शाबासकी तिला मिळाली, मिळायलाच हवी. मीही द्यायला गेलो. ती म्हणाली, आधी बाबूजीले भेटून या.

अजून गेलेलो नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे.