चिकांड्याचा डेमो प्लॉट

९ फेब्रुवारी. सकाळी ७.
रिटायर होऊन आज बरोबर एक वर्ष. वर्षभरात काय केलं याचा आढावा घेतला. आढावा लवकर संपला.

म्हणून संकल्प. चिकांड्याची शेती करायची. बस स्टँडवर चिकांड्याची वडी हल्ली इतकी पातळ कापतात की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसावा. वडीला लागणारे कंद मिळत नाहीत म्हणे. बायका दोन-दोन दिवस चालून पाणथळीतून खणून आणतात. पण लावत का नाहीत? शेंगदाणा लावतो, रताळं लावतो, मग चिकांडाच कोण मोठा लागून गेला? ऑफिसच्या पुस्तकात त्याला ऑर्किड म्हणतात. म्हणेनात. कंद तो कंद.

एकतीस वर्षं शेतकी खात्यात काढली. मी नाही करणार तर कोण.

त्याच दिवशी. दुपारी.
कासोन्देनं, म्हणजे बायकोनं, बातमी लगेच माहेरी पोचवली. माहेर ओढ्यापलीकडे. सासूबाईंचा उलट निरोप: ते लावून येत नाही, आपलं आपण येतं. जावईबापूंना म्हणावं मका लावा.

सासूबाईंशी मी बावीस वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. त्याही नाहीत. आमच्यात सासू-जावई बोलत नाहीत. त्या वाटेवर दिसल्या की मी गवतात शिरतो. उत्तम पद्धत आहे. गवतात एकदा साप निघाला ते सोडलं तर तक्रार नाही. येत्या डिसेंबरात मात्र त्यांच्याकडच्या बायका मला मानाचं जेवण घालणार आहेत. ते झालं की त्यांच्या घरात पाऊल टाकायची मुभा, बोलायचीही.

त्या जेवणात माझ्या प्लॉटमधला चिकांडा वाढायचा, असं ठरवलं. मग बोलू मक्याचं.

११ फेब्रुवारी. सकाळी ११.
काम फत्ते. ओढ्यापलीकडे दोन वारुळांच्या मागे ताटवा सापडला. नारिंगी तुरे, गुडघ्याएवढे. कोणाचाही नाही. कडेला काठी रोवून तिला नेसायच्या चितेंग्याची चिंधी बांधलेली होती. वाऱ्यानं उडून आली असणार.

दोन तुऱ्यांमधलं अंतर टेपनं मोजलं. मग सगळे खणले. एकशे सेहेचाळीस. शास्त्रीय काम म्हटलं की नमुना मोठा लागतो. प्रत्येकाच्या बुडाशी दोन कंद, एक टणक, एक सुरकुतलेला. टणक तेवढे पोत्यात घातले. सुरकुतलेले पाल्यासकट तिथंच टाकले. निवड हा शेतीचा पाया आहे.

१२ फेब्रुवारी.
लागवड. चार ओळी, एक फुटावर एक. बुडाशी खत, मूठ-मूठ. पाटी लावली: डेमो प्लॉट.

टेप सापडत नाही. स्टीलचा, डब्यावर लाल रंगात माझं नाव लिहिलेला, खात्यानं निरोपसमारंभात दिलेला. कोणीतरी लांबवला. गावात चोर फार झालेत.

१४ फेब्रुवारी. संध्याकाळी.
बायको माहेरून रडत आली. आईचा ताटवा कोणी मेल्यानं साफ खणून नेला. वारुळांमागचा. आईनं तीन वर्षं राखला होता. आपल्या चितेंग्याची चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला कळावं. लोम्बेचे बाबा, तुमच्याच जेवणासाठी राखला होता हो, म्हणाली.

मी म्हणालो, फार वाईट झालं. मग प्लॉटकडे जाऊन उभा राहिलो. चारही ओळी अगदी सरळ होत्या.

उद्या सांगतो. आज ती सांगण्याच्या मनःस्थितीत नाही. म्हणजे ऐकण्याच्या.

१५ फेब्रुवारी.
सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

१७ फेब्रुवारी. रविवार.
चर्च. अशा दिवशी चोरीचा विषय नको.

२२ फेब्रुवारी.
बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, आईचा चोलाच्या आईवर संशय आहे. ती स्टँडवर चिकांडा विकते, त्या बाजूला जातानाही दिसली म्हणे. तुम्हाला काय वाटतं?

मी ‘हं’ म्हणालो.

‘हं’ म्हणजे आरोप नव्हे. कोणत्याही कोर्टात नव्हे. तरी जेवण गेलं नाही.

१० मार्च.
पानं पिवळी. झाड विश्रांती घेत असावं. खताचा दुसरा हप्ता दिला.

२६ मार्च.
सगळी आडवी. एक उकरून पाहिलं. हाताला लिबलिबीत काहीतरी लागलं आणि वास आला. एकशे पंचेचाळीस उकरून पाहिली नाहीत. पाहिली. तसंच.

ट्रंकेतलं जुनं पुस्तक काढलं. त्यात आहे की ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्याच्याजवळ स्वतःची शिदोरी नसते. मातीतली एक बारीक बुरशी त्याला भरवते तेव्हा ते रुजतं. झाडाचंही पुढे तिच्याशी साटंलोटं असतं. मातीपासून तोडू नये. खत घालू नये. सुरकुतलेला कंद म्हणजे गेल्या वर्षीची आई, तिच्या जिवावर नवा टणक होतो. फूल यायला वर्षं जातात.

या सगळ्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली. पेन्सिल माझीच. प्रमोशनच्या परीक्षेच्या वेळची.

पुस्तक परत ट्रंकेत, अगदी तळाशी.

नवा संकल्प: नोव्हेंबरात पावसाळा लागला की प्लॉटमध्ये पाच-दहा तरी फुटतील. मग सांगायचं. चांगल्या बातमीत गुंडाळून वाईट बातमी द्यावी, तिला लागत नाही.

६ मे.
शाळेचे हेडमास्तर प्लॉटची चौकशी करत होते. मी म्हणालो, सध्या सगळं जमिनीखाली चाललंय. हे काही खोटं नाही.

३ जुलै.
थंडी, आमच्याकडे जुलैत पडते तशी. बायको म्हणाली की पाण्यावर चोलाच्या आईशी कोणी बोलत नाही. बादली भरेपर्यंत सगळ्या गप्प असतात. बिचारी. पण मी विचारलं नव्हतं, हे मला का सांगितलं?

दुपारी ती बाई स्वतः मीठ मागायला आली. मीठ घेतलं आणि बसलीच. म्हणाली, ऑफिसर, चोर सापडला का हो? मी म्हणालो, तपास अवघड असतो. म्हणाली, शोधा, शोधा, तुम्ही शिकलेले. आम्हाला काय, आम्ही आपल्या हातात कुदळ दिसली की चोर. आणि डेमो प्लॉटची पाटी वाचत बसली. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ वाचत होती.

लाज वाटली. इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तिच्या मागे फाटकापर्यंत गेलोसुद्धा. फाटकाचा खिळा सैल झाला होता, तो ठोकला.

पाऊस सुरू व्हायच्या आत सांगणार. लेखी घेतो: पावसाच्या आत. सही केली आहे.

२९ ऑक्टोबर.
उकाडा. ढग आहेत, पण ढग म्हणजे पाऊस नव्हे.

१८ नोव्हेंबर.
पाऊस लागून आठवडा झाला. प्लॉटमध्ये गवत जोरात. दुसरं काही नाही.

महत्त्वाचं: आज चोलाच्या आईच्या अंगणात सासूबाईंची ठिपक्यांची कोंबडी पाहिली. तीच, तुरा फाटलेली. ओढ्यापलीकडची कोंबडी हिच्याकडे कशी? म्हणजे ही बाई खरोखरच चोरट्या हाताची आहे. ताटवा नसेल घेतला, पण कोंबडी घेतली. शेवटी चोर ती चोरच, हिशोब इकडचा तिकडे झाला इतकंच. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

बायकोला घाईघाईनं सांगितलं. हो का, म्हणाली. आणि मक्याच्या पिठाची उब्वाली घोटायला लागली. इतक्या जोरात घोटायची गरज नव्हती.

१३ डिसेंबर. संध्याकाळी.
जेवण झालं. सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, जमेल तेवढं लिहितो.

मी खुर्चीत, कोट घालून. शेजारी हेडमास्तर. बायका गात आल्या, डोक्यावर झाकलेली भांडी, गुडघ्यांवर बसून एकेक मांडलं. बायकोची आत्या झाकण उघडे आणि अर्थ सांगे. अख्खी कोंबडी: ही तुम्हाला अख्खी दिली, तशी आमची मुलगी अख्खी दिली. शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला: रोजचं गोड मानून घ्या. घेवडा, सुकवून तळलेल्या अळ्या, मासे. सासूबाई सगळ्यांच्या मागे पाठ करून बसल्या होत्या. बावीस वर्षं ती पाठच ओळखतो.

चिकांडा नव्हता. चिकांड्यावाचून हे जेवण मी कुठं पाहिलेलं नाही. कोणी चकार शब्द काढला नाही.

शेवटचं भांडं सगळ्यात लहान. आत्यानं झाकण काढलं. आत टेप. धुतलेला, पुसलेला, नीट गुंडाळलेला. लाल अक्षरं वर.

आत्या म्हणाली, जावईबापू फार मोजून-मापून वागतात, त्यांच्या सासूनं हे त्यांना परत केलंय. आता आमचा उंबरा किती लांब आहे तो त्यांनीच मोजावा. बायका हसल्या. हेडमास्तर हसले. मीही हसलो.

कोणाला अर्थ कळला नाही, हे नशीब. सासूबाईंना आणि मलाच.

पुढचे घास नुसते गिळले. सगळी भांडी चाखावी लागतात.

१४ डिसेंबर.
सकाळी ओढा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो. सासूबाई चुलीपाशी होत्या. वळल्या. चेहरा कासोन्देसारखा, म्हणजे कासोन्देचा त्यांच्यासारखा. बायकोचा चेहरा इतकी वर्षं कुठून आला होता ते आज कळलं. मी तोंड उघडलं. त्याआधी त्या बोलल्या. बावीस वर्षांतलं पहिलं वाक्य:

आधी चोलाच्या आईकडे जाऊन या. मग बसा.

गेलो. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वारुळं, पोतं, चिंधी, ‘हं’. संपल्यावर म्हणाली, झालं? मला फेब्रुवारीतच माहीत होतं. तुम्ही टाकलेला पाला उचलताना तुमच्या सासूबाईंना टेप सापडला, तो घेऊन त्या आधी माझ्याकडेच आल्या. मग कासोन्देला सांगितलं. मग आत्याला. मग काय, बायकाच आम्ही. ऑफिसर, गावात तुम्हीच तेवढे राहिला होतात.

मी विचारलं, मग तुमच्यावर संशय? पाण्यावरचं ते गप्प बसणं?

म्हणाली, कसलं गप्प? हसून हसून बादल्या सांडायच्या. माझ्यावर आळ येतोय म्हटल्यावर तुम्ही किती दिवस दम धरता ते बघायचं होतं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, माझा जावई पावसाच्या आत बोलेल. मी म्हटलं, नाही बोलायचा. पैज लागली.

ठिपक्यांची कोंबडी तिच्या पायाशी टरफलं उकरत होती. अंडी चांगली देते हो, म्हणाली.

मी मान खाली घालून निघालो. तेव्हा तिनं मागून सांगितलं की टाकलेले सुरकुतलेले कंद त्या दोघींनी त्याच दिवशी जिथल्या मातीत तिथल्याच मातीत पुरले होते. यंदा पावसावर तीन फुटलेत. कुठल्या बाजूला, मी विचारलं. ती शेंगा फोडत राहिली. ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणाली.

परत सासूबाईंकडे. त्यांनी पाट सरकवला. बसलो. मी म्हणालो, मीच खणला. त्या म्हणाल्या, हं.

कोंबडीचं त्यांनी काढलं नाही. बावीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो, आणि या बाईनं माझ्यावर कोंबडी लावली होती.