लताबाईची नजर आणि माझी गांडुळं

१० ऑगस्ट १९९८, सकाळ
मी सांगते, सून लिहिते. शुभांगी, हसू नको, लिही. योगेशला गाईचा रिकामा गोठा हवाय. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिथं लेथ मशीन बसवणार म्हणे. म्हटलं, मी जिवंत असताना नाय. गोठ्यात गांडुळं पाळीन, खत विकीन. ठरलं: दसऱ्यापर्यंत खत विकलं तर गोठा माझा, नाहीतर मशीनचा. लेक हसत ‘बरं’ म्हणाला. बघतेच त्याला.

१४ ऑगस्ट
गांडुळं आली. शेणाच्या वाफ्यात सोडली, वर ओलं गोणपाट. खातात आणि गप पडतात. सून अशी हवी होती. शुभांगी हे लिहीत नव्हती. लिहायला लावलं.

२२ ऑगस्ट
शेजारच्या लताबाईचा कोंबडा वाफ्यात. गांडूळ ओढतोय, शेवई ओढावी तसं. मुसळ फेकलं. जागेवर मान मोडली. लताबाई धावत आली, तिनं माझा अंबाडा धरला, मी तिचा. माझा एक दात पडला, पण तो हलतच होता. म्हणजे जिंकले मीच. संध्याकाळी तिच्याकडं त्याच कोंबड्याचा रस्सा. वाटीभरसुद्धा पाठवला नाही. माणुसकी उरली नाही.

५ सप्टेंबर
वाफ्याकडं लाल मुंग्यांची रांग. वारूळ शोधून उकळतं पाणी ओतलं. एक वाचली नाही. मन प्रसन्न.

१७ सप्टेंबर
शेवंतीच्या मळ्याचा कोंडाजी खत बघून गेला. महिनाअखेर सगळं उचलतो म्हणाला. गोठा माझाच. योगेशला सांगितलं, मशीन तुझ्या सासुरवाडीला बसव.

१८ सप्टेंबर, सकाळ
लताबाई कुंपणावरून डोकावली. म्हणते, ‘अगं बया सरुबाई, काय माजलीत गं गांडुळं!’ लागली नजर. लगेच मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. रीतीनं निखाऱ्यावर टाकायची, पण गोणपाटाजवळ विस्तव न्यायला मी काय खुळी? वाफ्यातच कालवली. एवढ्या वाफ्याला एक मूठ काय पुरणार? मिठाची बरणी रिकामी केली.

दुपार
गांडुळं उसळ्या मारतायत, पिळे घेतायत. नजर उतरताना असंच होतं. शुभांगी म्हणते, आत्या, गोगलगाईवर मीठ टाकलं की तीपण अशीच नाचते. म्हटलं, गोगलगाईची जात वेगळी.

१९ सप्टेंबर
एक हलत नाही. नुसता चिखल आणि घाण वास. लताबाईनंच विष घातलं. विळा घेऊन गेले, तिचा अख्खा झेंडू आडवा केला. तिनं केरसुणीनं कुंपणापर्यंत हाणलं. पाठीवर वळ. पण झेंडू आडवा तो आडवाच.

२८ सप्टेंबर
वास गेल्यावर खत चाळून गोण्या भरल्या. कोंडाजीनं मूठभर हातात घेतलं. मोहरी बघितली, मिरचीचे देठ बघितले. म्हणाला, ‘आजी, खत कुठंय? हे तर लोणचं.’ रिकामा टेम्पो घेऊन गेला. माणसाला पारख नाही.

१ ऑक्टोबर, दसरा
गोठ्यात मशीन आलं. योगेश म्हणाला, आई, पहिलं हळदकुंकू तू वाहा. वाहिलं. मग त्यानं बटण दाबलं. माझी खाट गोठ्याच्या भिंतीच्या अलीकडंच. भांडी थरथरतात, माझं मलाच ऐकू येत नाही. मी ओरडून सांगतेय, ह्यात माझी चूक नाही, असं लिही. शुभांगी नुसती मान हलवते आणि लिहीतच सुटलीय. मी तर एवढं बोललेच नाही.