भावजींच्या गाडीचं इंजिन

३ मार्च

चि. पान्यास अ. उ. आ.

तुझ्या भाचीला गाडी चालवायचा परवाना मिळाला. पहिल्याच फटक्यात पास झाली, त्यामुळे सध्या तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. परीक्षकाने शाबासकी दिली म्हणे. मला वाटतं, बिचारा धडधाकट उतरला याच आनंदात असेल.

आता तिचा एकच धोशा, बाबांची लाल गाडी चालू करा. इंजिन जाम होऊन पाच वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली आहे. हल्ली दुपारी ही पोरगी ताडपत्री वर करून आत जाऊन बसते. परवा काचेमागे हललेलं डोकं बघून माझ्या हातातली बादलीच सुटली. क्षणभर मला दुसरंच कुणी वाटलं.

भूमितीच्या मास्तराने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, यावर सगळी गल्ली हसली होती. मोज्यात पाय घालावा तसं शिरावं लागायचं तिच्यात! पण ह्यांचा जीव होता त्या गाडीवर, आणि तुझ्यावरही. सदा हातात पाना, म्हणून 'पान्या' हे नाव त्यांचंच. तेव्हा हे काम तूच कर. पाच वर्षांत या घराची पायरी चढला नाहीस, दर वेळी नवं निमित्त. निदान गाडी तरी तुझ्याकडे येऊ दे. फोन मी उचलत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा लिही.

वेळेवर जेवत जा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

गाडी ट्रकवरून नीट पोचली. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आठ दिवस मुरू दिलं, मग लांब दांडा लावून क्रँक, म्हणजे इंजिनचा आस, फिरवून बघितला. केसभरही हलला नाही. आमचे साठीचे मिस्त्री दांड्याला लोंबकळले, ते मात्र हलले.

तेव्हा इंजिन बदलणं आलं. याच मॉडेलची, मागून ठोकलेली एक गाडी भंगारवाल्याकडे सापडली. तिचं इंजिन चालवून बघितलं, ठणठणीत आहे. जुनं मी चेन पुलीने बाहेर काढलंय. ते न उघडताच भंगारात देतो. मेलेलं उकरून काय हाती लागणार?

एक सांगतो, हसू नकोस. जेवणाच्या सुट्टीत गॅरेज रिकामं असतं. मी गाडीखाली असतो आणि कुणीतरी 'पान्या' म्हणून हाक मारतं, शेवटचं अक्षर लांबवून, भावजींसारखं. दोनदा बाहेर येऊन बघितलं. मिस्त्री म्हणाले की ऊन चढलं की छपराचे पत्रे वाजतात. वाजत असतील. पण इथे मला या नावाने कुणी ओळखतसुद्धा नाही.

भाचीला पापा. तुझा लोभ कमी होऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
पान्या

२६ मार्च

चि. पान्यास अ. उ. आ.

भंगारात देऊ नकोस. उघड. ते इंजिन का मेलं हे मला कळायला हवं.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. लेकीला ताप होता म्हणून त्या सकाळी हे औषध आणायला गेले होते, हे तुला माहीत आहे. परतताना रस्त्यातून त्यांचा फोन आला. तेलाचा लाल दिवा लागलाय, गाडी थांबवू का, असं विचारत होते. मी म्हणाले की तुमच्या त्या डबड्याचे दिवे रोजच लागतात, आधी घरी या. ते हसले आणि 'बरं' म्हणाले. थोडं पुढे येऊन गाडी बंद पडली. मागच्यांना इशारा करायला हे उतरून रस्त्यावर उभे राहिले आणि धुक्यातून तो टँकर आला.

पाच वर्षं ते 'बरं' माझ्या कानात आहे. फोन वाजला की वाटतं, उचलला तर तोच प्रश्न पुन्हा ऐकू येईल. म्हणून उचलत नाही.

तू जाणकार आहेस. खरं सांग, मी थांबा म्हणाले असते तर? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस.

सगळी माया तुझ्यावरच टाकून बसले आहे, सांभाळ.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

उघडलं. चेंबरमध्ये वाटीभरही तेल नव्हतं. तेलावाचून बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं, म्हणून इंजिन जाम. तेल निसटलं ते फिल्टरपाशी. फिल्टर काढला, तर एकावर एक दोन रबरी रिंगा. एकच असायला हवी. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली असेल तर ती आधी काढायची, नाहीतर गाडीने वेग घेतला की दाबाने नवी सरकते आणि सगळं तेल बाहेर.

आदल्या संध्याकाळी तुमच्या अंगणात तो फिल्टर मीच बदलला होता. भावजी म्हणत होते की अंधारतंय, उद्या कर. मी ऐटीत म्हणालो की हे काम मी डोळे मिटून करतो. तसंच केलं.

आणि ताई, हे मला आज कळलेलं नाही. बातमी आली त्या दुपारी मी, सोबत आणून गॅरेजच्या कचऱ्यात टाकलेला जुना फिल्टर उचलून बघितला. त्यावर रिंग नव्हती. तेव्हापासून माहीत आहे. म्हणून तुझ्या दारात आलो नाही. म्हणूनच हे इंजिन गुपचूप भंगारात घालणार होतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं. थांबले असते तर इंजिन वाचलं असतं. भावजींचं मला सांगता येत नाही, धुकं तिथेही होतंच. पण मुळात तो दिवा लागला तो माझ्या हाताने.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

पान्या

२ मे

पान्या,

मायना लिहायला हात उठत नाही.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तुझी चूक नाही, असं मी लिहिणार नाही. चूक तुझीच. आणि त्याहून मोठी चूक पाच वर्षं गप्प राहिलास ती. मी इथे एकटी त्या एका शब्दाशी झुंजत होते, आणि त्यातलं अर्धं ओझं तुझ्या खिशात होतं.

लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती दुपारभर रिकाम्या शेडमध्ये जमिनीवर बसून होती. मग आत येऊन तिने एवढंच विचारलं की मामा गाडी कधी आणतोय.

इंजिन बसव. ट्रकवरून पाठवू नकोस, स्वतः चालवत आण.

ताई

३० मे

चि. पान्यास अ. उ. आ.

तू आलास तेव्हा मी फार बोलले नाही. तूही बॉनेट पुसायचं निमित्त करून जे काय रडलास ते मला दिसलं. असो.

तू गेल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी तो टँकर आला होता त्या जागी गेलो. लेकीने गाडी कडेला घेऊन बंद केली. इतकं शांत झालं की मला ह्यांचं खोकणं ऐकू आलं, शपथ. अगदी काचेपाशी. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण तिने काच खाली केली. मग तिने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा कळलं की माझी नखं तिच्या दंडात रुतली होती.

आता रविवारी ती एकटी गाडी घेऊन तुझ्याकडे यायचं म्हणते. नको हा शब्द ओठांवर आला होता. गिळला आणि जा म्हणाले. पोचली की दोन ओळी टाक. पत्र यायला चार दिवस लागतील, ते मी कसेतरी काढीन.

लोभ आहेच. रागही आहे, तो उतरायला वेळ लागेल. तोवर दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
ताई