सातची शिफ्ट

बुध., १६ जुलै
डार्मश्टाटहून सात तास ड्रायव्हिंग. उतरलो तर समोर नुसती वाळू. कोळशाची जुनी बुजवलेली खाण. जर्मनीतलं वाळवंट म्हणजे हेच. या मेळ्यात माझं तिसरं वर्ष. बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेत, घरी एकटं कसं ठेवणार? आणलं सोबत.
"काय विकतात इथं?"
काही नाही म्हटलं. पाच दिवस पैसा बंद. आपल्याकडे असेल ते द्यायचं, कामं वाटून घ्यायची, जाताना काडी मागे ठेवायची नाही.
"बापा!" म्हणाले. तंबू ठोकताना मात्र सगळ्यांना ऑर्डरी सोडत होते.
एक गोष्ट सांगितली नाही. शिफ्टप्लानवर माझं नाव आहे: संडाससफाई, शुक्र-शनि, सकाळी ७.

गुरु., १७ जुलै
चाळीस माणसांना तर्री-पोहे. वाळूसकट संपले. घाम पुसत परत मागत होते.
वाळूत एक दार उभं केलंय, फक्त चौकट नि दार, भिंत कुठेच नाही. टकटक करायची, पलीकडे कोण असेल ते मिठी मारतं. बाबांनी टकटक केली! पलीकडे सहा फुटी नर्स, बर्लिनचा. बाबा शर्ट सारखा करत परत आले, पण हसत. असं हसताना मी त्यांना कधी बघितलं होतं? आठवत नाही.
संध्याकाळी एकदम म्हणाले, "दोन दिवस झाले, आडनाव कोनं विचारलं नाही." तीन वर्षं येतेय मी, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
शिफ्टचं अजून सांगितलेलं नाही. आजी सरकारी क्वार्टरचे संडास काढायची, हातपाय चालेपर्यंत. बाबांना पोस्टात नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी तिचा झाडू फेकून दिला. शपथ घेतली, आपल्या घरात पुन्हा कोणी दुसऱ्याची घाण काढणार नाही. त्या शपथेवर माझी पीएचडी झाली. कुठल्या तोंडाने सांगू.

शुक्र., १८ जुलै
पकडले गेले. माझ्या हातात ब्रश नि संडासात टाकायच्या भुशाची बादली, समोर बाबा टूथब्रश घेऊन. तसेच मागे वळले. जाऊन बॅग भरली.
दुपारी एवढंच: "याच्यासाठी शिकवलं तुले?"
इथे सगळेच करतात बाबा, म्हटलं, कोणाचं ठरलेलं नाही, तीच तर गंमत...
"गंमत. यायले रविवारी सोडून जाता येते. माह्या मायले नाही आलं."
शिफ्टप्लानसमोर जाऊन उभी राहिले.
उद्याचं नाव खोडू? खोडलं तर तीन वर्षं ज्यावर जीव टाकला ते सगळं नाटक ठरतं. नाही खोडलं तर बाबा.

शनि., १९ जुलै
नाही खोडलं. पावणेसातला गेले तर बाबा आधीच तिथे, खुर्ची टाकून. इस्त्रीचा पांढरा शर्ट. बॅग शेजारी.
माझ्या जोडीला योआखिम. इन्स्टिट्यूटचा प्रोफेसर, माझा बॉस. मागच्या आठवड्यात ओळख करून दिली तेव्हा बाबा उठून उभे राहिले होते, दोनदा 'सर' म्हणाले होते. तो आत गुडघ्यांवर बसून संडास घासत होता. शीळ घालत!
"याले कोनं सांगतलं?"
"कोणी नाही. स्वतःच नाव लिहिलं."
"सोताहून?"
"गेनाऊ," तोंडातून जर्मन गेलं. "हाव बाबा."
मी ब्रश उचलला तर मनगट धरलं. "तू थांब वं माय. मले पाहू दे."
थांबले. तासभर बाबांनी नजर हलवली नाही. शिफ्ट बघणारी हाइके आली: इथे नुसते प्रेक्षक नसतात, प्रत्येकाने काहीतरी करायचं, नियम आहे. म्हटलं, हाइके, आज बघू दे त्यांना. प्लीज. तिने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेली.
योआखिम बाहेर आला. "मॉर्गन!" म्हणजे गुड मॉर्निंग. बाबा उठले. त्याने हातमोजा काढेपर्यंत त्यांना धीर नव्हता, मोज्यासकट हात धरला. सोडेचनात.
मी भुशाच्या पोत्यांमागे जाऊन रडून घेतलं.

रवि., २० जुलै
सगळ्यांनी रांग लावून वाळू निवडली. खिळे, धागे, चमकीचा एक कणसुद्धा. बाबा गाडीत बसून राहिले. मी बोलावलं नाही. परतताना सात तासांत एकच प्रश्न, "तो शीळ काऊन घालत होता?"

शनि., २६ जुलै, डार्मश्टाट
या आठवड्यात बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी आमची, दारावर पाटी लागलीय. काल बाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली.
"आन् पुढच्या आठवड्यात कोन?"
"खालचे आजोबा. जज्ज होते."
"जज्ज," म्हणाले नि चहा संपवला.
आता सात वाजलेत. झाडू जागेवर नाही. बाबा पलंगावर नाहीत. जिन्यातून खरखर येतेय, सावकाश. माझ्या हातात झाडू येऊ नये म्हणून, की त्यांना स्वतःलाच... मधेच शीळ आल्यासारखं वाटलं. बाबांना शीळ येते?
दाराला टेकून लिहितेय. उघडलं तर ते थांबतील. आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचला.