गावचा पत्ता

४ जून
खोल्या अकरा, भाडेकरार एकाचाही नाही. घरपट्टीवाल्यांना सुगावा नको. नवा भाडेकरू आला की माझं पहिलं बोलणं ठरलेलं. "कुठलाबी कागद भरताना गावचा पत्ता टाकायचा. माझ्या चाळीचा दिसला तर सामान भाईर." सून लिहिता लिहिता हसतेय. हस बाई. तुझ्या सासऱ्याचीच अक्कल ही.

कोपऱ्यातल्या खोलीतलीचा आज परत खाडा. दर महिन्याला एचआयव्हीच्या गोळ्या आणायला पिंपरीला जाते. ठेकेदार म्हणाला, अजून एक खाडा, की कायमची घरी. (नाव लिहू नको गं. पहिल्यांदा तिच्यासोबत तूच गेलीस, तुला माहीतच आहे.)

१० जून
आरोग्य खात्याची ताई तपासणी शिबिराला जागा मागायला आली. चहा दिला. सहज विचारलं, त्या गोळ्या आपल्याच भागात का देत नाहीत?

"आजी, कुठल्या भागातले किती जण गोळ्या घेतात, तो आकडा वर जातो. नावं नाही, नुसता भाग. त्यावरून केंद्र कुठे काढायचं ते ठरतं. तुमच्याकडचा आकडा जवळजवळ शून्य. सगळे ठणठणीत!"

ठणठणीत कसले. माझ्या एका वाक्यावर सगळे कागदावर गावी राहायला गेलेत. कोपऱ्यातली कागदावर परभणीत, तिच्या गावी, आणि पाय पिंपरीच्या बसमध्ये.

ताईच्या कपात अजून चहा ओतला.

११ जून
कोपऱ्यातलीला ओट्यावर बसवून म्हटलं, गोळ्यांच्या कागदावरचा पत्ता बदल.
"तुम्हीच म्हणला होतात ना आजी, सामान बाहेर?"
म्हणाले होते. हसत म्हणाले होते, पण तिला कुठं हसू आलं होतं.
"नाव जात न्हाई म्हणत्यात."
"आणि गेलं तर?"

३ जुलै
सगळ्या खोल्यांना सांगितलं, पत्ता इथलाच टाका. कारण सांगितलं नाही. आजींना आज काय झालं, म्हणून सगळे हसले.

गोळ्यांच्या केंद्रात दाखवायला सुनेकडून कागद लिहून घेतला, की कोपऱ्यातली माझ्याकडे राहते. खाली माझा अंगठा.
"आत्याबाई, घरपट्टीवाले आले तर?"
येऊ देत. चहा पाजीन.

कोपऱ्यातलीने कागद घडी घालून पाकिटात ठेवला. देते म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

४ जुलै
संध्याकाळी ती पिंपरीहून आली. भाकरी झाकून ठेवली होती. खाताना ठेकेदाराचा फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही.

पिशवीत गोळ्यांची बाटली खुळखुळली. कागद दिला का, विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं,
"अजून अर्धी घे."